नाही म्हणण्याचा आधार : कामाच्या ठिकाणची आचारसंहिता

संस्थेत काम करणाऱ्यांनी कोणत्या प्रसंगी कसे वागावे, काय टाळावे आणि काही गैर दिसले तर कोणाला सांगावे, हे आधीच लिहून ठेवलेले असते त्याला कामाच्या ठिकाणची नैतिक आचारसंहिता म्हणतात. पुरवठादाराकडून भेटवस्तू घ्यावी का, मेव्हण्याच्या फर्मला कंत्राट देता येते का, निकालाचे आकडे आधी कळले तर कंपनीचे शेअर विकता येतात का, हाताखालच्या माणसाशी वागताना कोणती मर्यादा पाळावी, अशा प्रश्नांची उत्तरे तिच्यात असतात. कायद्याचे काम निराळे. कायदा किमान रेषा आखतो आणि ती ओलांडल्यावर शिक्षा करतो. संहिता त्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे काम करते. तिथे अजून गुन्हा घडलेला नसतो, पण त्याची वाट मोकळी होऊ लागलेली असते.

ही वाट कशी मोकळी होते ते कारखान्याच्या खरेदी विभागात चांगले दिसते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पुरवठादाराचा माणूस सुक्यामेव्याची पेटी घेऊन येतो. वरच्या कप्प्यात काजू-बदाम, खालच्या कप्प्यात मखमली डबीत चांदीचे नाणे. "साहेब, सणाचं आहे, नाही म्हणू नका," एवढेच तो म्हणतो. बदल्यात काहीच मागत नाही. मात्र जानेवारीत त्याच पुरवठादाराचे दरपत्रक त्याच टेबलावर येणार आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. पेटी नाकारावी तर समोरचा दुखावतो आणि शेजारच्या टेबलावरचे सहकारी शिष्ट ठरवतात. घ्यावी तर पुढे मालात खोट निघाल्यावर बोलायला जीभ रेटत नाही. संस्थेत संहिता नसेल, तर हा निर्णय तीस-बत्तीस वर्षांच्या एका कर्मचाऱ्याला एकट्याने, दोन मिनिटांत आणि चारचौघांसमोर घ्यावा लागतो.

किती किमतीपर्यंतची वस्तू चालेल, त्यावरची वस्तू कोणत्या नोंदवहीत लिहायची, कोणते छापील पत्र जोडून ती परत पाठवायची, हे ठरलेले असले की तोच कर्मचारी "आमच्याकडे चालत नाही, नियम आहे" असे शांतपणे सांगू शकतो. नकार त्याचा एकट्याचा राहत नाही, संस्थेचा होतो. आचारसंहितेचे सर्वांत मोठे मोल यातच आहे. मुळात लबाड असलेला माणूस संहिता वाचून सुधारत नाही. पण सरळ माणसांच्या हाती ती नाही म्हणण्याचा आधार देते, आणि कोणत्याही कचेरीत सरळ माणसेच बहुसंख्य असतात. "बिलावर मागची तारीख टाक" असे सांगणाऱ्या वरिष्ठापुढे हा आधार अधिकच लागतो. कोणाच्याही सांगण्यावरून खोटी नोंद करू नये, असे एक वाक्य संहितेत असेल, तर लेखा विभागातला कनिष्ठ कारकून त्यावर बोट ठेवू शकतो. ते नसेल, तर त्याचा नकार म्हणजे साहेबांचा अवमान ठरतो.

कामाचे नियम लिहून ठेवण्याची कल्पना आधुनिक कंपन्यांची नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या शिष्याला दीक्षेच्या वेळी द्यायचे आदेश आहेत. रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, हा त्यांतला एक. कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार नोंदवले आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, छत्रपती शिवाजी महाराजांचे मे १६७३ मधले एक पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे असे आहे. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा बेतानेच वापरावा. तो उधळला तर घोडे मरतील आणि मग लष्कर कुणब्यांकडे धान्य, गवत, भाजी, लाकूडफाटा ओढायला लागेल. तसे झाले, तर मोगलांपेक्षाही हे वाईट असे रयतेला वाटेल. म्हणून ज्याला जे हवे ते त्याने बाजारातून पैसे देऊन आणावे. पत्र एवढ्यावर थांबत नाही. चुलीतला विस्तव, चिलमीची ठिणगी, रात्री जळत राहिलेला दिवा आणि त्याची वात ओढून नेणारा उंदीर यांमुळे गवताच्या गंजी कशा पेटतील, हेही त्यात बजावले आहे.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या पत्रात चांगल्या संहितेचे दोन्ही गुण आहेत. ते प्रामाणिकपणावर व्याख्यान देत नाही, प्रत्यक्ष प्रसंग डोळ्यांसमोर उभा करते. आणि नियमामागचे कारण, म्हणजे रयतेला होणारा त्रास, उघडपणे सांगते. आजच्या कितीतरी कंपन्यांच्या चकचकीत पुस्तिकांमध्ये हे दोन्ही गुण सापडत नाहीत.

आधुनिक उद्योगातली सर्वांत गाजलेली संहिता जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची. १९४३ मध्ये रॉबर्ट वूड जॉन्सन यांनी ती लिहिली. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि माता यांच्याशी असलेले उत्तरदायित्व तिच्यात पहिले आहे, त्यानंतर कर्मचारी, मग समाज आणि शेवटी भागधारक. १९७०च्या दशकात कंपनीचे एक प्रमुख जेम्स बर्क यांनी व्यवस्थापकांना एकत्र बसवून रोखठोक विचारले, की हा मजकूर आपल्याला मान्य आहे की भिंतीवरून काढून टाकायचा? वादविवाद होऊन तो ठेवायचे ठरले. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळले आणि ७ जण दगावले. दोष कंपनीच्या कारखान्याचा नव्हता. तरीही तिने अमेरिकाभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. त्याला १० कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. पहिले उत्तरदायित्व कोणाशी, याचा काथ्याकूट त्या दिवसांत करावा लागला नाही, कारण तो आधीच करून झाला होता. मात्र याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरवरून हजारो दावे दाखल झाले. कंपनीने आरोप नाकारले, तरी एकदा राखलेली पत कायमची पुरत नाही, हे त्यातून दिसले.

भारतात टाटा समूहाने १९९८ मध्ये आपली संहिता लेखी स्वरूपात आणली आणि पुढे वेळोवेळी सुधारली. इतर अनेक बड्या कंपन्यांना मात्र कायद्याने रेटावे लागले. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'च्या सूचीकरण करारातील सुधारित कलम ४९ जानेवारी २००६ पासून लागू झाले. त्याने संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता सक्तीची केली. २०१५ च्या नियमावलीतही ती अट कायम आहे आणि आपण संहिता पाळली, असे या मंडळींना दरवर्षी लिहून द्यावे लागते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ नुसार सूचीबद्ध कंपन्यांना गैरप्रकार कळवण्याची यंत्रणा ठेवावी लागते. अंतस्थ माहितीवर शेअरव्यवहार रोखणारे नियमही २०१५ चेच. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत ठरावीक अधिकाऱ्यांना स्वतःच्या कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री करता येत नाही. शासकीय नोकरीत ही परंपरा जुनी आहे. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू आहेत. भेटवस्तू, मालमत्तेची माहिती, नातेवाइकांच्या नोकऱ्या, खासगी धंदा या सर्वांबाबत त्यांत तरतुदी आहेत.

इतके सारे असूनही घोटाळे होतात, ही वस्तुस्थिती आहे. 'मग संहितेचा उपयोग काय?' हा प्रश्न त्यातूनच येतो, आणि त्याचे उत्तर घोटाळ्यांच्या तपशिलातच शोधावे लागते.

दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉन कंपनीच्या आचारसंहितेची जुलै २००० ची आवृत्ती ६४ पानांची होती. प्रस्तावना अध्यक्ष केनेथ ले यांची होती. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही कंपनीची चार मूल्ये त्यात छापली होती. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तीची पुंजी दोन्ही गेली. या कथेतला सर्वांत बोलका भाग दिवाळखोरीच्या दोन वर्षे आधीचा आहे. कंपनीचे वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना स्वतःच्या भागीदारी संस्था काढून त्यांच्यामार्फत एन्रॉनशीच व्यवहार करायचे होते. संहितेनुसार हा सरळसरळ हितसंबंधांचा संघर्ष होता. १९९९ मध्ये संचालक मंडळाने काय केले, तर त्यांच्यापुरता तो नियम शिथिल केला. पुढे तोटे लपवण्यासाठी याच संस्था वापरल्या गेल्या. म्हणजे धोक्याची खूण संहितेने नेमकी जागेवर लावलेली होती. जबाबदार लोकांनीच ती ठराव करून उपटली. सामान्य कर्मचाऱ्याला लागू असलेला नियम वरच्या माणसासाठी सैल करता येतो, हे ज्या दिवशी मान्य झाले, त्याच दिवशी ती संहिता निकामी झाली. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने यावर बोट ठेवले. वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांसाठी संहिता आहे की नाही आणि तिच्यातून कोणाला सूट दिली का, हे अमेरिकी कंपन्यांना तेव्हापासून जाहीर करावे लागते.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सला २००८ मध्ये सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदात दाखवलेली रोकड आणि बँकेतल्या शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पुरस्कार देणाऱ्यांनी कागद तपासले होते, आणि कागद चोख होते.

वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेची कथा वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. तिथे वरच्या एका माणसाने पैसा पळवला नाही. प्रत्येक ग्राहकाला आठ-आठ योजना विकण्याचे उद्दिष्ट शाखांवर लादले होते. रोजचा आकडा गाठला नाही तर नोकरी धोक्यात. परिणामी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आले तेव्हा बँकेने सुमारे ५,३०० जणांना काढून टाकल्याचे उघड झाले. बँकेत संहिता होती, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांकही होता. पण कर्मचाऱ्याला संहिता वर्षातून एकदा भेटत होती आणि उद्दिष्ट दररोज सकाळी. भारतातल्या बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या इथल्या विक्री प्रतिनिधींना हे वेगळे सांगायला नको. पगारवाढ आणि बढती ज्या गोष्टीवर ठरते, तीच त्या संस्थेची खरी आचारसंहिता असते. लेखी संहिता त्याच्याशी जुळत नसेल, तर कर्मचारी दोहोंपैकी कोणती पाळतील याबद्दल शंका नको.

औषध कंपन्यांचा विषय निघालाच आहे, तर डॉक्टरांच्या संहितेचे उदाहरण पाहावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या व्यावसायिक वर्तनाच्या २००२ च्या नियमांत २००९ मध्ये एक तरतूद घातली गेली. डॉक्टरांनी औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, रोख रक्कम घ्यायची नाही. नियम डॉक्टरांना होता, देणाऱ्या कंपन्यांना नव्हता. कंपन्या सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रीज, लॅपटॉप देत राहिल्या आणि हा खर्च धंद्याचा म्हणून दाखवून त्यावर प्राप्तिकरात वजावटही मागत राहिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या खटल्यात ही वजावट नाकारली. घेणाऱ्याला जे निषिद्ध आहे ते देणाऱ्याला वैध खर्च म्हणून दाखवता येणार नाही, असा त्याचा आशय. भेटवस्तूंचा बोजा अखेर औषधाच्या किमतीतून रुग्णावर पडतो, हेही न्यायालयाने नोंदवले. व्यवसायाने स्वतःपुरता केलेला नियम बारा वर्षांनी देशाच्या करव्यवस्थेला आधार ठरला. संहिता कायद्याच्या पुढे चालते ती अशी.

लैंगिक छळाच्या बाबतीत हाच प्रवास अधिक वेदनादायक आहे. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम करणाऱ्या एका ग्रामीण कार्यकर्तीवर १९९२ मध्ये त्या कामाच्या रागातून सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि प्रत्येक संस्थेने तक्रार समिती नेमावी असे सांगितले. कायदा यायला २०१३ उजाडले. मधली सोळा वर्षे नोकरदार स्त्रियांच्या हाती ही तत्त्वे आणि त्यांवरून काही संस्थांनी केलेले नियम एवढेच होते. आता १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ स्त्री कर्मचारी हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा खेद व्यक्त करावा लागला, की अनेक संस्थांत या समित्याच नाहीत, किंवा आहेत त्या नियमाप्रमाणे नाहीत. त्या प्रकरणात चौकशी घाईने उरकल्यामुळे केलेली कारवाईच रद्द झाली. तक्रारदाराला न्याय आणि आरोप झालेल्याला म्हणणे मांडण्याची संधी, दोन्ही नीट प्रक्रियेवर अवलंबून असतात. प्रक्रिया आधी लिहिलेली आणि समजून घेतलेली नसेल, तर ऐन वेळी दोघांचेही नुकसान होते.

तक्रार करणाऱ्याचे रक्षण हा कोणत्याही संहितेचा सर्वांत नाजूक भाग आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहारांविषयी सत्येंद्र दुबे या अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट खात्याखात्यांत फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. तपासात लुटीचा हेतू सांगितला गेला. परंतु नाव फुटले, हे नाकारता येत नाही. पुढच्या वर्षी केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी घेण्याचे अधिकार मिळाले. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अजूनही अमलात आणलेला नाही. ही देशाची उणीव आहे, आणि ती भरून निघेपर्यंत संस्थांच्या स्वतःच्या संहितांवरच भार राहणार. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच टेबलावरून तक्रार जात असेल, तर कोणीही शहाणा माणूस तोंड उघडणार नाही. म्हणून तक्रार लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे किंवा बाहेरच्या त्रयस्थाकडे थेट पोहोचायला हवी, आणि तक्रारीनंतर वर्षभर त्या कर्मचाऱ्याची बदली वा मूल्यांकन कसे झाले हे कोणीतरी तपासायला हवे.

संहिता वरपर्यंत लागू झाली की काय होते, याचीही उदाहरणे मुंबईत आहेत. आयसीआयसीआय बँकेच्या प्रमुख चंदा कोचर यांच्यावर कर्जव्यवहारांतील हितसंबंधांबाबत आरोप झाले तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, संचालक मंडळाने त्यांच्यावर पूर्ण विश्वास व्यक्त केला होता. पुढे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. हितसंबंध जाहीर करण्याबाबतच्या बँकेच्या आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि जानेवारी २०१९ मध्ये बँकेने त्यांचे सेवेतून जाणे बडतर्फीसमान मानले. एप्रिल २००९ पासूनचा बोनस परत घेण्याचेही ठरले. कोचर यांनी आरोप नाकारले आहेत आणि वाद न्यायालयांत गेला आहे. टीसीएसमध्ये २०२३ साली कंत्राटी भरतीतील गैरव्यवहाराची तक्रार आली. तपासानंतर कंपनीने १९ जणांवर कारवाई केली. त्यांपैकी १६ जणांना संहिताभंगासाठी कंपनी सोडावी लागली, आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या ६ संस्थांना काळ्या यादीत टाकले. बातमी बाहेर गेल्याने नाव खराब होते, या भीतीने अनेक संस्था अशी प्रकरणे दडपतात. ती भीती अनाठायी आहे. दडपलेले प्रकरण दहा वर्षांनी बाहेर येते तेव्हा बाहेरचे तपास अधिकारी दारात उभे असतात.

संहितेवर सही करून घेतली की माणूस प्रामाणिक वागतो, असा एक समज आहे. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी आरंभीच घेतली तर लोक खरी माहिती देतात, असे सांगणारा २०१२ चा एक शोधनिबंध जगभर उद्धृत झाला. त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट असल्याचे दिसून आल्यावर २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला. सहीवर फार भिस्त ठेवू नये. नव्या कर्मचाऱ्याला रुजू होण्याच्या दिवशी संगणकावर चाळीस पानी इंग्रजी मजकूर दाखवतात, तो खालपर्यंत सरकवून 'वाचले व मान्य आहे' या चौकटीत खूण करायला लावतात आणि नोंद पूर्ण होते. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, चालक, सफाई कर्मचारी यांना तर तेवढेही दाखवत नाहीत. वस्तुतः गेटवर कोणता माल बाहेर गेला हे सुरक्षारक्षकालाच आधी दिसते.

लहान संस्थांची स्थिती आणखी कठीण आहे. औद्योगिक वसाहतीतील वीस-पंचवीस जणांचे वर्कशॉप, तालुक्याची पतसंस्था, शिक्षण संस्था, खासगी रुग्णालय, सहकारी दूध संघ यांना सेबीचे नियम लागू नाहीत, आणि 'आपण सगळे घरचेच' या भावनेपोटी काही लिहून ठेवावे असे कोणाला वाटत नाही. खरे तर नात्यागोत्याची गुंतागुंत तिथेच सर्वाधिक असते. पतसंस्थेच्या संचालकाच्या भाच्याला कर्ज द्यायचे असेल, तर त्या बैठकीत संचालकाने बसायचे की बाहेर जायचे, हे आधी ठरलेले नसेल तर ऐन वेळी कोणीही त्याला उठा म्हणू शकत नाही. अशा संस्थांना चाळीस पाने नकोत. दोन पाने मराठीत, आपल्याच संस्थेत घडलेले वा घडू शकणारे दहा-बारा प्रसंग, प्रत्येकाचे स्पष्ट उत्तर, तक्रार ऐकणाऱ्या दोन व्यक्तींची नावे आणि मालकासह सर्वांना ती लागू असल्याचे एक वाक्य, एवढे पुरते.

सूचीबद्ध कंपन्यांची आचारसंहिता त्यांच्या संकेतस्थळावर खुली असते. तिथे नोकरी करणाऱ्यांनी ती एकदा सावकाश वाचावी. भेटवस्तू, हितसंबंध आणि तक्रार यांची प्रकरणे नीट पाहावीत, आणि तक्रार कोणाकडे करायची तो पत्ता आपल्या वहीत उतरवून ठेवावा. जिथे अशी संहिता नाही, तिथे ती हवी अशी मागणी कर्मचाऱ्यांनी आणि कामगार संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने करावी.